बरडावरच्या शिळावर्तुळांची मोजणी आणि नोंद कशी करावी?

बरडवाट

नमस्कार मंडळी,

नागपूर जिल्ह्यात काटोल आणि हिंगण्याच्या मधल्या पट्ट्यात एका गावाच्या बरडावर (मुरमाड पडीक जमिनीवर) शिळावर्तुळं, म्हणजे लोहयुगातल्या दफनांवरची दगडांची वर्तुळं आहेत. मोठे काळे गोटे गोलाकार मांडलेले, आत लहान गोट्यांचा भराव, मध्ये थोडा उंचवटा. नुसत्या नजरेला ३५-४० दिसतात. तरोटा आणि रायमुनियाच्या झुडपांत आणखी असतील. बरडाच्या कडेची काही वर्तुळं वावरात गेली आहेत, त्यांना नांगर लागतो. काहींच्या बरोबर मध्यात खड्डे केलेले आहेत. पूर्वेच्या टोकाला मुरमाची खदान सुरू करायची बोलणी चालू आहेत. त्याआधी सगळ्याची पक्की नोंद व्हावी असं ग्रामपंचायतीतल्या काही सदस्यांचं आणि शाळेतल्या शिक्षकांचं म्हणणं आहे.

हाताशी ३० मीटरचा फायबर टेप, नायलॉनची दोरी, होकायंत्र, स्मार्टफोन आणि चार माणसं आहेत. टोटल स्टेशन (अंतर-कोन मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) नाही. मोजायचं नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं? खरं वर्तुळ आणि शेतकऱ्यानं रचलेला ढीग यांत फरक कसा करायचा? काही गोट्यांवर वाटीसारखे खळगे आहेत, ते कोरलेले की नैसर्गिक? एका ठिकाणी तीन उभ्या फरश्यांवर एक आडवी फरशी आहे, त्याची नोंद कशी घ्यायची? आणि परवानगी कोणाची लागते?

(अक्षांश-रेखांश दिले होते, खालच्या सूचनेवरून काढून टाकले.)

भुईमापक

पहिली गोष्ट म्हणजे ठिकाणाचे आकडे उघड्यावर टाकू नका. मध्यात खड्डे आहेत याचा अर्थ गुप्तधन शोधणारे तिथं येऊन गेलेत. अचूक जागा वहीत आणि पुरातत्त्व खात्याला देण्याच्या कागदावर ठेवा. फोटो टाकतानाही फोनमधली लोकेशनची नोंद काढून मगच टाका.

आता मोजणी. सुरुवात वर्तुळापासून नाही, बेसलाईनपासून करायची. बरडाच्या लांबीच्या दिशेनं, कोणत्याही वर्तुळाला न छेदणारी सरळ रेषा आखा, निदान २०० मीटरची. दर २० मीटरला खूण करा. खुंटी ठोकायचीच असेल तर वर्तुळाच्या कडेपासून किमान ३ मीटर लांब. भरावात लोखंडी सळई किंवा पहार अजिबात नको. आतल्या खुणांसाठी मुरमानं भरलेली छोटी पिशवी ठेवली की झालं.

फोनच्या जीपीएसवर प्रत्येक वर्तुळाचा बिंदू घेऊन नकाशा करू नका. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा त्यात ३ ते ५ मीटरची चूक राहते. इथं दोन वर्तुळांच्या कडांमधलं अंतर कधीकधी तेवढंच असतं, म्हणजे नकाशावर एक वर्तुळ दुसऱ्यावर चढेल. जीपीएस फक्त बेसलाईनच्या दोन टोकांना वापरा: दहा-दहा मिनिटं थांबून सरासरी घ्या, तेच पुन्हा दुसऱ्या दिवशी. बेसलाईन २०० मीटरची का, त्याचंही कारण हेच. एका टोकाला ४ मीटरची चूक झाली तर २०० मीटरवर दिशा सव्वा अंशाच्या आत चुकते. ५० मीटरवर तीच चूक साडेचार अंशांवर जाते.

प्रत्येक वर्तुळाचा मध्य बेसलाईनवरच्या दोन खुणांपासून टेपनं बांधा. दोन टेपांमधला कोन ६० ते १२० अंशांत असला तर उत्तम. ३० च्या खाली गेला की छेदनबिंदू सरकतो. दूरच्या वर्तुळांसाठी बेसलाईनला समांतर दुसरी ओळ टाका. तिसऱ्या खुणेपासूनचं अंतर पडताळा म्हणून घ्या. ते कागदावर जुळलं नाही तर लगेच जागेवरच पुन्हा मोजा, घरी जाऊन जुळवायच्या भरीस पडू नका.

टेप आडवा, म्हणजे क्षितिजसमांतर धरायचा. ३० मीटरला ३ मीटर उतार असेल आणि टेप जमिनीलगत टाकला तर १५ सेंटिमीटर जास्त येतात. उतारावर ५-५ मीटरचे टप्पे करून ओळंब्यानं खाली उतरवा. फायबर टेप वापरून वापरून ताणला जातो, आणि अनेकांचं पहिलं टोक तुटून पुन्हा शिवलेलं असतं. कामाआधी पोलादी टेपशी ताडून बघा.

वर्तुळाचा व्यास एकदाच मोजून भागत नाही, कारण ही वर्तुळं भूमितीतल्यासारखी गोल नसतात. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि दोन तिरप्या अशा चार दिशांनी मोजा. गोट्यांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत एक आकडा, आतल्यापासून आतल्यापर्यंत दुसरा. कोणता आकडा कोणता ते लिहा. जुन्या नोंदींत नुसता 'व्यास' लिहिलेला असतो, आणि गोटेच मीटरभर रुंद असले की दोन आकड्यांत २ मीटरचा फरक पडतो. तुलनाच करता येत नाही.

उंचवट्याचा छेद घ्यायला गवंड्याची पाण्याची नळी आणा. १५-२० मीटरची पारदर्शक नळी, पाण्यात थोडा रंग. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारख्या उंचीला येतं का बघा. येत नसेल तर आत बुडबुडा अडकलाय. टिचक्या मारत नळी उंच धरून तो बाहेर काढा. मग बाहेरच्या सपाट जमिनीवर एक बिंदू शून्य धरा आणि वर्तुळाच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेवर दर ५० सेंटिमीटरला उंची लिहा. एक छेद उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम. दोन्ही टोकांना वर्तुळाबाहेर २ मीटर जास्तीचे घ्या, नाहीतर मूळ जमीन कुठं संपते आणि भराव कुठं सुरू होतो ते कागदावर कळत नाही.

मग गोटे. उत्तरेकडचा गोटा १, तिथून घड्याळाच्या दिशेनं पुढं. प्रत्येकाची लांबी, रुंदी, जमिनीवरची उंची. जागेवर आहे की ढकललेला. उभा की आडवा. खळगे आहेत का. छिन्नीची किंवा सुरुंगाच्या भोकाची खूण आहे का. गायब गोट्याची रिकामी जागाही नोंदवा, पण तिला क्रमांक देऊ नका. गोट्यावर रंगानं आकडे टाकायचे नाहीत. कागदाची चिठ्ठी ठेवून फोटो घ्या आणि चिठ्ठी उचला.

वर्तुळांना एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही. नंतर झुडपात एखादं सापडलं तर पुढचा क्रमांक द्या, मध्ये घुसवू नका. जे नष्ट झालं त्याचा क्रमांकही तसाच राहू द्या. नागपूरजवळच्याच शिळावर्तुळांचं उदाहरण घ्या: टाकळघाटला हिस्लॉप या मिशनऱ्यानं १८४७ मध्ये खोदलं, जुनापाणीबद्दल रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये लिहिलं. नुसतं वर्णन आणि फुटांतला व्यास एवढ्यावर त्या काळचं नेमकं वर्तुळ आज जमिनीवर ओळखणं फार कठीण जातं. तुमच्या कागदाचं तसं होऊ नये.

काळागोटा

खरं-खोटं ओळखायचं आणि खळगे, एवढ्यावर लिहितो.

उपग्रहचित्रावरून सुरुवात करत असाल तर फेब्रुवारी ते मे मधली चित्रं बघा, गवत वाळलेलं असतं. पण चित्रावर गोल दिसलं म्हणजे शिळावर्तुळ, असं धरू नका. जुनं खळं, कडब्याच्या गंजीची जागा, विहिरीच्या उपशाचा ढीग, गुरं बसायची जागा हे सगळं वरून गोलच दिसतं. प्रत्येक ठिकाण पायी जाऊन बघावंच लागतं.

जमिनीवर मला सगळ्यात भरवशाची वाटणारी खूण म्हणजे कडेच्या आणि आतल्या गोट्यांमधला फरक. शिळावर्तुळात कडेला मोठे, निवडून आणलेले गोटे असतात आणि आत मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्या गोट्यांचा भराव. वावरातून वेचून टाकलेल्या ढिगात सगळं मिसळलेलं असतं, कडा नसते, आणि तो बहुधा धुऱ्याला (बांधाला) किंवा एखाद्या झाडाला धरून असतो. दुसरी खूण गोट्यांचं बसणं. जुना गोटा जमिनीत रुतलेला असतो, पायथ्याशी माती साचून गवत रुजलेलं असतं, उघड्या अंगावर दगडफूल चढलेलं असतं. अलीकडे ढकललेल्या गोट्याला मातीचा पट्टा वरच्या बाजूला दिसतो. पूर्वी जमिनीत असलेला भाग वर आलाय, एवढा त्याचा अर्थ.

तिसरी खूण मातीची. जुनापाणीसारख्या उत्खननांत भरावात काळी चिकण माती मिळालेली आहे. आजूबाजूला तांबूस मुरूम आणि मधेच काळ्या मातीचं गोल ठिगळ दिसलं, तर वरचे गोटे कोणी नेले असले तरी ती जागा नकाशावर 'संशयित' म्हणून घ्या. घुशीच्या बिळाबाहेर आलेली माती यासाठी फार उपयोगी पडते, न खोदता आतला रंग दिसतो.

आता खळगे. आपल्याकडचा बेसाल्ट लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून सच्छिद्र झालेला आहे. त्या पोकळ्यांत पांढरी झिओलाईटसारखी खनिजं भरतात आणि उन्हापावसानं ती निघून गेली की खड्डे उरतात. नवख्या माणसाला तेच कोरलेले वाटतात. जवळ बसून, भिंग घेऊन बघा. नैसर्गिक खड्डे लहान-मोठे सगळ्या मापांचे असतात, लांबट किंवा वाकडे असतात, गोट्याच्या सगळ्या अंगांवर विखुरलेले असतात, आणि एखाद्याच्या तळाशी पांढरं खनिज अजून चिकटलेलं सापडतं. कोरलेले खळगे एकमेकांच्या मापाचे, काठाला गोल, तळाला गुळगुळीत असतात, आणि मुख्य म्हणजे ओळीत असतात. जुनापाणीच्या गोट्यांवर समांतर ओळी आणि फुलीसारख्या मांडण्या स्पष्ट दिसतात. एकटादुकटा खळगा असेल तर मी त्याला 'कोरीव' लिहिणार नाही, 'अनिश्चित' लिहीन.

मोजताना प्रत्येक खळग्याचा व्यास, खोली आणि शेजारच्या खळग्यापर्यंतचं मध्य-ते-मध्य अंतर घ्या, मिलिमीटरमध्ये. शिवाय खळग्यांचा गोटा वर्तुळात कुठल्या दिशेला आहे आणि खळगे आत तोंड करून आहेत की बाहेर. ओळींचा काही दिशांशी किंवा तारकांशी संबंध असावा का याचा अभ्यास झालेला आहे. पण गोटा मूळ जागी आहे की फिरलेला, हे नोंदलेलं नसेल तर असल्या विचाराला आधारच राहत नाही.

फोटो सकाळी सूर्य उगवल्यावर तासाभरात. दुपारी खळगे दिसतच नाहीत. सावलीतल्या अंगासाठी संध्याकाळी टॉर्च दगडाला लागून जवळजवळ आडवी धरा आणि चार बाजूंनी चार फोटो घ्या. खळग्यांत खडू किंवा रांगोळी भरू नका. भरणाऱ्याला जो आकार वाटतो तोच मग फोटोत पक्का होतो, आणि भुकटी छिद्रांत बसली की निघत नाही. तारेच्या ब्रशनं दगडफूल खरवडणंही नको.

वर्तुळं झाली की नाल्याच्या काठानं एक-दोन किलोमीटर फिरा आणि गावकऱ्यांना पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट मातीची जागा, कुठं आहे ते विचारा. टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमोहारी या ठिकाणी दफनं आणि वस्ती दोन्ही मिळाली आहेत, नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी मिळाली. पांढरीवर आतून काळी आणि बाहेरून तांबडी खापरं, लोखंडाचा मळ, मणी दिसले तर जागेवर फोटो घ्या, उचलू नका.

चिमूरचा

फरश्यांच्या रचनेबद्दल. विदर्भात नागपूरच्या बाजूला शिळावर्तुळंच जास्त, आणि त्यांच्या आत दगडी खोली सहसा नसते. गोट्यांच्या भरावाखाली मातीतलं दफन असतं. फरश्या उभ्या करून वर शिळा ठेवून केलेल्या दगडी खोल्या, म्हणजे डोल्मेन, आमच्या चंद्रपूरकडे, चिमूर तालुक्यात हिरापूरला आहेत. त्यामुळं काटोलकडे तशी रचना दिसली तर आधी दोन शंका फेडून घ्या. एक, ते अलीकडचं देवस्थान किंवा राखणदारानं केलेला आडोसा आहे का? शेंदूर, नारळाची करवंटी, सिमेंटचा सांधा, काळवंडलेला धुराचा डाग बघा. दोन, तो पूजेतला किंवा कोणाच्या पूर्वजाचा दगड आहे का? गडचिरोलीकडे माडिया गोंडांमध्ये मृतांच्या नावानं दगड उभारायची रीत आजही आहे. तुमच्याकडे गोंड कुटुंबं असतील तर त्यांना विचारल्याशिवाय त्या दगडाला टेपही लावू नका.

खरोखर जुनं असेल तर ही मापं घ्या: आतली लांबी आणि रुंदी, जमिनीलगत एकदा आणि छताजवळ एकदा, कारण फरश्या आत झुकलेल्या असतात. आतली उंची पुढं, मध्ये, मागं. प्रत्येक उभ्या फरशीची जाडी तीन ठिकाणी, आणि ती उभ्यापासून किती अंश कललीय ते फोनमधल्या कोनमापकानं. वरच्या शिळेची लांबी, रुंदी, जाडी आणि ती कोणत्या फरश्यांवर प्रत्यक्ष टेकलीय. तोंड कोणत्या दिशेला. फरश्यांच्या सांध्यांत लहान पाचर-दगड आहेत का, भोवती गोट्यांचा ढीग किंवा वर्तुळ आहे का. दगड जवळपासच्या खडकातला आहे की बाहेरून आणलेला, तेही लिहा.

आत शिरू नका. वरची शिळा टनावारी असते आणि एका पाचरीवर तोललेली असू शकते. लेझर अंतरमापक बाहेरून काठीला बांधून आत धरला की मापं मिळतात. काठी घालायच्या आधी टॉर्च मारून बघा, गोट्यांत घोणस आणि विंचू असतातच.

थ्रीडी मॉडेल करायचं असेल तर फोन पुरतो. रचनेभोवती दोन फेऱ्या, एक कमरेच्या उंचीवरून आणि एक हात वर करून, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ७०-८० टक्के भाग यायला हवा. ढगाळ दिवस किंवा सूर्योदयाआधीचा उजेड चांगला. ऊन-सावली फोटोगणिक सरकली की मॉडेलला भोकं पडतात, आणि वाऱ्यानं हलणारं गवत त्याहून वाईट. किमान चार खुणा भोवती ठेवा आणि त्यांची एकमेकांपासूनची सगळी अंतरं टेपनं मोजा. माप न दिलेलं मॉडेल दिसायला सुंदर, पण त्यावरून काहीच मोजता येत नाही.

गटनंबर

परवानगीचं सांगतो. खणणं, भराव हलवणं, वस्तू उचलणं हे परवान्याशिवाय होत नाही. आणि तुमचं काम फक्त बघून-मोजून नोंद करायचं असलं तरी सुरुवातीलाच लेखी कळवा: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ आणि राज्य पुरातत्त्व विभागाचं नागपूरचं कार्यालय, दोन्हीकडे. ही जागा आधीच संरक्षित यादीत आहे का तेही त्यातून कळेल. नागपूर जिल्ह्यातली बरीच शिळावर्तुळं केंद्राच्या यादीत आहेत. केंद्रीय संरक्षित असेल तर २०१० च्या दुरुस्तीनुसार हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, खाणकामही त्यात येतं. खदानीचा निम्मा प्रश्न तिथंच सुटू शकतो.

यादीत नसेल तर कागद तयार करा. गाव नकाशा आणि प्रत्येक गटाचा सातबारा काढा. बरड एकसलग दिसला तरी कागदावर त्याचे तुकडे असतात: काही खाजगी, काही गायरान, काही झुडपी जंगल. झुडपी जंगल असेल तर वनविभागही पक्षकार होतो. प्रत्येक वर्तुळाच्या नोंदीत गट नंबर आलाच पाहिजे. 'बरडावर वर्तुळं आहेत' असा अर्ज फायलीत पडून राहतो. 'गट नंबर अमुकमध्ये क्रमांक ७ ते १९' असं लिहिलं की तहसीलदाराला खदानीच्या प्रस्तावाशी ते ताडून बघावं लागतं. सोबत ग्रामसभेचा ठराव आणि तारीख दिसणारे फोटो जोडा. एक प्रत नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला द्या. टाकळघाट-खापा, माहुरझरीपासूनची उत्खननं शां. भा. देव यांच्या काळात त्याच विभागानं केलेली आहेत.

खाजगी वावरात जाताना मालकाला आधी विचारा, आणि हेही स्पष्ट सांगा की मोजणी झाली म्हणून जमीन जात नाही. याच भीतीनं कधीकधी रातोरात जेसीबी फिरतो.

बरडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन अडचणी उरल्या. वावरातल्या वर्तुळांचा अर्धा किंवा त्याहून कमी कमानीचा भागच शिल्लक आहे, व्यास कसा काढायचा? आणि होकायंत्र एकाच रेषेवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी दिशा दाखवतं.

भुईमापक

होकायंत्र बिघडलेलं नाही, बेसाल्टमधल्या मॅग्नेटाईट या चुंबकीय खनिजाचा तो परिणाम आहे. गोट्यावर किंवा गोट्याशेजारी ते ठेवूच नका. क आणि ख अशा दोन खुणा धरा. क पासून ख ची दिशा घ्या, मग ख पासून क ची. फरक १८० आला तर दोन्ही ठिकाणं ठीक. १७६ किंवा १८५ आला तर निदान एका ठिकाणी सुई ओढली जातेय. नकाशाची उत्तर होकायंत्रावरून ठरवूच नका, बेसलाईनच्या दोन टोकांच्या जीपीएसवरून काढा. मॅपिंगसाठी क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर काटोल-हिंगणा यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीच्या झोन ४४ मध्ये येतं. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे अमरावती-अकोल्याकडे, झोन ४३ लागतो.

अर्ध्या कमानीसाठी: शिल्लक कमानीवरच्या दोन टोकांच्या गोट्यांमध्ये, बाहेरच्या कडेला धरून, दोरी ताणा. ही जीवा. तिच्या मध्यापासून कमानीच्या बाहेरच्या कडेपर्यंत काटकोनात अंतर मोजा, ती उंची. जीवेचा वर्ग भागिले आठपट उंची, अधिक उंचीचा निम्मा, म्हणजे त्रिज्या. जीवा ८ मीटर आणि उंची १ मीटर असेल तर त्रिज्या साडेआठ मीटर.

पण सांभाळा. याच उदाहरणात उंची १० सेंटिमीटर इकडेतिकडे झाली तर त्रिज्या ७.८ पासून ९.३ पर्यंत काहीही येते, आणि मीटरभर रुंदीच्या ओबडधोबड गोट्याची कड धरताना तेवढी चूक सहज होते. त्याच वर्तुळावर जीवा १२ मीटरची मिळाली तर उंची अडीच मीटरच्या आसपास येते, आणि तेवढ्याच चुकीनं त्रिज्या फक्त पाव मीटर हलते. म्हणून शक्य तितकी लांब जीवा घ्या आणि वेगवेगळे गोटे धरून तीनदा काढा. तिन्ही आकडे लिहा, नुसती सरासरी नको. कमान पाव वर्तुळाहून कमी उरली असेल तर त्रिज्या देऊच नका. जीवा, उंची आणि गोट्यांची संख्या लिहून 'अपूर्ण' असा शेरा मारा.

आणि नांगराखालची वर्तुळं आधी घ्या, बरडाच्या मधली नंतर. पहिला पाऊस पडला की वखर फिरेल, आणि वखरानं वर आलेला गोटा शेतकरी धुऱ्यावर टाकतो. धुऱ्यावर पडलेले मोठे गोटेही त्या-त्या वर्तुळाच्या नोंदीत 'जवळच्या धुऱ्यावर' म्हणून मोजून ठेवा.